‘फ्रिसचे सूत्र एकदा जरी वाचले असते तर…’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘लेखकाने फ्रिसचे सूत्र एकदा जरी वाचले असते, तर व्हेरिएबल गेन अँप्लिफायर रिसीव्हरच्या अगदी तोंडाशी बसवण्याचा सल्ला दिला नसता,’ असे आपण माझ्या लेखाबद्दल लिहिले आहे. (व्हेरिएबल गेन अँप्लिफायर म्हणजे ज्याचा गेन, अर्थात सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, कमी-जास्त करता येते असा अँप्लिफायर.) आपल्या वाक्यातले ‘एकदा जरी’ एवढे दोन शब्द गाळले असते, तर हे उत्तर चार ओळींत आटोपले असते. मतभेदाला माझी ना नाही. पण समोरच्याचा अभ्यासच नाही असे धरून चालणे, याला चर्चा म्हणत नाहीत.

माझी चूक आधी कबूल करतो. लेखातल्या दुसऱ्या आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘डीबीएम’ऐवजी (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) ‘डीबी’ (नुसते गुणोत्तर) पडले होते, ते दुरुस्त केले आहे.

आता १९४४ सालच्या त्या सूत्राविषयी. रिसीव्हरच्या सगळ्या टप्प्यांचा मिळून नॉइज किती, हे ते सांगते: पहिल्या टप्प्याचा गेन जितका जास्त, तितका पुढच्या टप्प्यांचा नॉइज कमी जाणवतो. पहिल्या टप्प्याची नॉइज फिगर (टप्पा स्वतःचा किती नॉइज मिसळतो याचे माप) १ डीबी व गेन १५ डीबी, आणि पुढच्या मिक्सरची (सिग्नलची वारंवारता बदलणाऱ्या टप्प्याची) नॉइज फिगर १० डीबी असेल, तर एकूण नॉइज फिगर सुमारे १.९ डीबी येते. गेन ५ डीबीवर आणला, की पहिल्या टप्प्याची स्वतःची नॉइज फिगर तीच राहिली असे मानले तरी, एकूण ६.१ डीबी होते. हे मी नाकारले कुठे? पण गेन उतरवायचा तो सिग्नल दांडगा असताना, हे लेखात दोनदा लिहिलेले आपल्या नजरेतून निसटले, की सोयीने निसटू दिले? उणे ३० डीबीएमचे दोन सिग्नल आत येत असताना १० मेगाहर्ट्झ बँडविड्थमधला नॉइज, ६ डीबी नॉइज फिगर धरूनही, उणे ९८ डीबीएमच्या आसपास असतो. तेव्हा घात करते ते मिक्सरमधले इंटरमॉड्युलेशन, म्हणजे दोन दांडगे सिग्नल मिसळून तयार होणारे नको असलेले सिग्नल. मिक्सरचा इनपुट आयपी-थ्री (दांडगे सिग्नल न बिघडवता पेलण्याच्या क्षमतेचे माप) ० डीबीएम असेल, तर १५ डीबी गेनवर ते सिग्नलच्या जेमतेम ३० डीबी खाली राहते आणि ५ डीबीवर ५० डीबी खाली जाते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. उमेदवारीच्या काळात मी आपल्यासारखाच सूत्रनिष्ठ होतो आणि गेनचे सगळे नियंत्रण मिक्सरच्या नंतर ठेवले होते. टेबलावर सेन्सिटिव्हिटी पाहून सगळे खूश झाले. शेजारी ट्रान्समीटर सुरू होताच स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर) नको तिथे एक रेघ उभी राहिली. तीन रात्री शील्डिंग आणि ग्राउंडिंग करण्यात गेल्या. शेवटी इनपुटला १० डीबीचा पॅड (सिग्नल क्षीण करणारा जोड) लावला, तेव्हा हवा असलेला सिग्नल १० डीबीने उतरला आणि ती रेघ ३० डीबीने. म्हणजे ती इंटरमॉड्युलेशनचीच होती. तो बोर्ड अजून माझ्या खणात आहे.

करंट स्टीअरिंगमध्ये (ट्रान्झिस्टरांच्या जोडीत करंट वाटून गेन बदलण्याच्या पद्धतीत) मधल्या गेनवर जोडीतल्या दोन्ही ट्रान्झिस्टरांचा नॉइज आउटपुटला येतो, हा आपला दुसरा मुद्दा तपशिलाचा आहे. मूळ म्हणण्याला त्याने धक्का लागत नाही. लेखातले आकडे सिम्युलेशनचे आहेत, हेही खरे. तसे तळटीपेत नमूद आहे.

आपल्याकडे दोन सिग्नल जनरेटर असतील, तर तो पॅडचा प्रयोग करून पाहावा आणि आकडे कळवावेत. विशेषणे कळवली नाहीत तरी चालेल.