मुलाचा ताबा हवाय? मग हे कराच

तर वेगळं व्हायचं ठरलंय म्हणता. गाडी, भांडी, कर्ज, सगळ्याची वाटणी झाली, आता राहिलं ते मूल, आणि त्याच्यासाठी फॅमिली कोर्ट. घाबरू नका, सोपं असतं.

पहिलं म्हणजे वकिलाला सांगा की तारखा घ्या, जमतील तेवढ्या घ्या. कारण कोर्टाला मुलाची बसलेली घडी मोडायला आवडत नाही आणि ते बरोबरच आहे, म्हणून निकाल लागेपर्यंत मूल आपल्याकडे कसं राहील तेवढं फक्त बघा, की वर्षभराने तुमचे वकील गंभीर चेहऱ्याने उभे राहून म्हणतील, मूल इथे रुळलंय हो, आता कशाला हलवता. रुळवलं कुणी हे विचारायला समोरचा असतोच, पण तोवर त्यालाही पुढची तारीख मिळालेली असते. तीन वर्षांच्या पोरासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा, पण ते हिशोब आपण नाही करायचे.

मग अभ्यासाला लागा. बाईंचं नाव काय, लसी कधी दिल्या, बुटाचा नंबर किती, जिवलग मित्र कोण. इतकी वर्षं माहीत नव्हतं? हरकत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्रीच तर वाचायचं असतं. आणि फोटो काढा, डबा भरताना, गृहपाठ घेताना. मूल कॅमेऱ्याकडे बघत नसेल तर अजून छान, नैसर्गिक वाटतं.

मुलाचीही तयारी करून घ्या बरं का. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आहे, मुलाला आपलं मत असतं आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्याला वजन द्यायचं. वा, म्हणजे मत आपणच पाठ करून द्यायचं! फक्त शब्द सांभाळा. सात वर्षांचं पोर समुपदेशकासमोर "मला तिकडे भावनिकदृष्ट्या असुरक्षित वाटतं" असं म्हणालं की त्या बाई पेन खाली ठेवतात आणि तुमच्याकडे बघतात. (त्याच करारात कलम ९ पण आहे, दोन्ही पालकांशी नियमित संबंध ठेवायचा मुलाला हक्क. ते पान उलटून पुढे जा.)

कुणी म्हणेल मुलाचं हित सगळ्यात आधी. अहो, ही नवी फॅशन आहे. इंग्लंडमध्ये आधी मूल बापाचंच असायचं, १८३९ च्या कायद्याने आईला सात वर्षांखालच्या मुलासाठी निदान अर्ज करता येऊ लागला, १८७३ मध्ये ती मर्यादा सोळावर गेली, आणि मुलाचं कल्याण सर्वात महत्त्वाचं असं कायद्यात यायला १९२५ उजाडलं. एवढी वर्षं भांडण मुलावरून आणि मूलच कुठे नाही! आपण ती परंपरा घरात जपतोय एवढंच.

अगदीच अंगाशी आलं तर सुट्टीचं निमित्त काढून मुलाला घेऊन परदेशी जायचं, असा सल्ला कुणीतरी देतंच. घ्या. मूल असं परदेशी नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार दोन्ही देशांत लागू असेल आणि वर्षाच्या आत अर्ज झाला तर तिथलं कोर्ट आई चांगली की बाप हे बघतच नाही, मूल नेहमी कुठे राहायचं एवढं बघतं आणि सहसा परत पाठवतं. अपवाद आहेत, पण मोजके. विमानाचा खर्च तुमचा, सुट्टी मात्र छान होते.

आणि शेवटी कोर्टाने वेळ वाटून दिलाच तर? दोन दिवस इकडे, दोन तिकडे, मग तीन इकडे, पुढच्या आठवड्यात उलट. पोर दप्तर उचलून फिरतं, वही नेमकी दुसऱ्या घरी राहते, होईल की सवय. काही ठिकाणी उलटंही करतात, मूल एकाच घरात आणि आईबाप आळीपाळीने तिथे येऊन राहतात. हे मी एका जोडप्याला सुचवलं, तेव्हा कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा दोघं एका सुरात बोलले, "छे, सारखी बॅग घेऊन या घरातून त्या घरात, असं कुणी जगतं का?"