काटा १५०० च्या खाली ठेवला की इंजिन टिकत नाही, दबतं

छोट्या डिझेल ट्रॅक्टरबद्दल एक सल्ला मोबाइलवरून सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘डिझेल इंजिनाची ताकद खालच्या आरपीएमलाच (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या कमी असतानाच) असते, म्हणून काटा १५०० च्या पुढे जाऊ देऊ नका. इंजिन कमी झिजतं, डिझेल वाचतं, पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) कुठल्याही रेसवर फिरतोच, आणि लोडर (ट्रॅक्टरला पुढे जोडलेलं, ओझं उचलणारं बकेट) उचलत नसेल तेव्हाच रेस वाढवा.’ ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो पुढे जात राहतो. यातला डिझेलचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचं ऐकून चालवणाऱ्यांची इंजिनं अकाली खराब होतात, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं.

‘ताकद खालीच असते’ या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. टॉर्क म्हणजे दांडा पिळण्याचा जोर, आणि तो बऱ्याच डिझेल इंजिनांत मधल्या आरपीएमला सर्वांत जास्त असतो हे बरोबर. पण एका तासात काम किती होणार हे पॉवरवर ठरतं, आणि पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. समजा एखादं इंजिन १५०० ला ७० न्यूटन-मीटर देतं आणि २६०० ला ६५. हिशेब मांडला तर १५०० ला साधारण १५ एचपी हाती लागतात आणि २६०० ला २४. बॉनेटवर लिहिलेले एचपी हे वरच्या, ठरवून दिलेल्या आरपीएमचे असतात. काटा १५०० वर बांधून घेतला तर त्यातले बरेचसे आपण वापरतच नाही.

आता झिजेचं. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रॅक्टरची हातरेस मोटारीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखी नसते. त्या दांडीने आपण वेग सांगतो, डिझेल किती सोडायचं ते गव्हर्नर, म्हणजे वेग राखणारी यंत्रणा, ठरवते. दांडी १४०० वर ठेवून नांगर खोल घातला की वेग पडू नये म्हणून ती डिझेल वाढवत जाते, थेट शेवटच्या मर्यादेपर्यंत. चालवणाऱ्याला वाटतं आपण इंजिनाला सांभाळून घेतोय. आत मात्र प्रत्येक स्फोटाचा दाब जवळजवळ कमाल असतो, आणि ऑइल पंप, पाण्याचा पंप, पंखा हे सगळे इंजिनाच्या वेगानेच फिरत असल्यामुळे कमी वेगाने फिरत असतात. म्हणजे बेअरिंगवर बोजा सर्वांत जास्त, आणि ऑइल, पाणी, हवा सर्वांत कमी. बेअरिंगमधला ऑइलचा पातळ थरसुद्धा वेग कमी झाला की आणखी पातळ होतो. इंजिन दाबणं म्हणतात ते हेच.

उलट २६०० फेऱ्यांना घाबरण्यासारखं काही नाही. पिस्टनचा टप्पा (स्ट्रोक, म्हणजे एका वेळी वर किंवा खाली जायचं अंतर) ९० मिलिमीटर धरला तर २६०० ला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला ८ मीटरच्या आत राहते. मोटारीचं पेट्रोल इंजिन ६००० वर जातं तेव्हा ती गती याच्या साधारण दुप्पट असते. ट्रॅक्टरचं इंजिन त्याच्या ठरलेल्या आरपीएमवर तासन्‌तास चालावं म्हणूनच बांधलेलं असतं, आणि त्याच्या फारसं पुढे गव्हर्नर ते जाऊ देत नाही. आवाज मोठा येतो, हे मान्य. पण कानाला त्रास होतो म्हणून बेअरिंगला त्रास देण्यात काय अर्थ?

इंजिन दबलंय हे ओळखणं अवघड नाही. आवाज जड, धपधप असा येतो, स्टिअरिंग थरथरतं, सायलेन्सरमधून सतत काळा धूर निघतो. तरी शंका असेल तर काम चालू असतानाच हातरेस थोडी पुढे सरकवा. काटा लगेच चढला तर इंजिनाकडे दम शिल्लक आहे. चढलाच नाही तर गिअर खाली घ्या. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर, पेडलने वेग बदलणारं) असेल तर पेडल जास्त दाबू नका, थोडं सोडा. पेडल दाबणं म्हणजे वरचा गिअर टाकणं. चढावर किंवा ढिगाऱ्यात ट्रॅक्टर अडला की पाय आपोआप पेडल दाबतो, आणि नेमकं तेच चुकतं. ही सवय मोडायला मला स्वतःला बरेच दिवस लागले.

डिझेलच्या मुद्द्यात तथ्य आहे. हलकं ओढकाम असेल, रिकामी ट्रॉली असेल, तर वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवल्याने डिझेल खरंच वाचतं. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९२० पासून ट्रॅक्टरच्या अधिकृत चाचण्या होतात. तिथल्या अहवालांत ७५ टक्के ओढीवर पूर्ण वेगाला किती डिझेल लागलं आणि कमी केलेल्या वेगाला किती, हे शेजारी शेजारी दिलेलं असतं, आणि फरक दिसतो. पण ही बचत इंजिनाकडे दम शिल्लक असेपर्यंतच. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. तिथे कसली बचत? आणि विनाकारण तासभर मंद रेसवर सोडलेलं इंजिन थंड पडतं, कार्बन धरतं. ज्या ट्रॅक्टरला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे त्याचा तो फिल्टर अशाने लवकर काजळतो, कारण काजळी जाळायला सायलेन्सरमध्ये पुरेशी उष्णताच तयार होत नाही.

‘पीटीओ कुठल्याही रेसवर फिरतो’. फिरतो, पण अवजार बहुधा पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेलं असतं. छोट्या ट्रॅक्टरवर हे ५४० बहुधा इंजिनाच्या २५०० च्या आसपास मिळतात. नेमका आकडा मीटरवरच्या खुणेत किंवा माहितीपुस्तिकेत असतो. समजा खूण २५०० वर आहे आणि आपण १५०० वर चालवतोय. पीटीओला मिळाल्या ३२४ फेऱ्या, म्हणजे ६० टक्के. पण फिरत्या पात्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने घटते, त्यामुळे ती उरली फक्त ३६ टक्के. गवत कापलं न जाता फाटतं आणि चोंदतं, रोटाव्हेटरची ढेकळं तशीच राहतात, आणि तेवढंच काम काढायचं तर शाफ्ट आणि गिअरबॉक्सवर जास्त पीळ येतो. काही ट्रॅक्टरना ५४० ई असा वेगळा पीटीओ गिअर असतो, त्यात ५४० फेऱ्या कमी रेसवर मिळतात. हलक्या अवजाराला तो जरूर वापरा, तो त्यासाठीच दिलेला आहे.

लोडरचं थोडक्यात. किती वजन उचलणार हे हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा तेलदाब सोडून देणारी झडप) कोणत्या दाबाला उघडतो त्यावर ठरतं. रेस वाढवली की पंपातून तेल जास्त येतं आणि बूम (लोडरचा हात) भरभर उठतो, वजन मात्र जास्त उचलत नाही. उचलत नसेल तर ओझं कमी करा. रोजच्या लोडरकामाला १५०० ते २००० मध्ये सहसा भागतं.

आणि मंद रेस जिथे हवीच, ती जागा या सल्ल्यात आलीच नाही. थंड इंजिनाला पहिली काही मिनिटं ओझं देऊ नये. टर्बो असेल तर जड कामानंतर लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं मंद चालू ठेवावं. पीटीओ जोडताना रेस खालीच हवी, नाहीतर क्लचला आणि शाफ्टला हिसका बसतो. पीटीओ जोडला, पातं फिरू लागलं की रेस हळूहळू वाढवायची, आणि काटा ५४० च्या खुणेवर टेकल्यावरच गवतात शिरायचं.