लेखनिक मिळाला, पण वर्षभराच्या नोट्सचं काय?

परीक्षा तोंडावर आली की आमच्या ग्रुपवर हमखास मेसेज येतो, 'अंध विद्यार्थिनीसाठी लेखनिक हवा, अर्जंट.' माणसं धावून येतात, तिने सांगितलेली उत्तरं लिहून देणारा कोणीतरी मिळतोही. तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद केली, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या. चांगलंच झालं. पण पेपर लिहायला आधी अभ्यास झालेला असावा लागतो ना?

मी अर्थशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी एसवायची, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाची, एक अंध मुलगी स्टाफरूममध्ये आली. 'मॅडम, तुमची फाईल माझा मोबाईल वाचतच नाही.' मी वहीच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ पाठवली होती. फोटोत अक्षरं नसतात, चित्र असतं, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यात काय वाचणार? मग टाइप केलेली जुनी फाईल पाठवली. ती तर आणखी वाईट निघाली. आपल्याकडच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर 'मागणी' दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तिच्या कानात नुसता गोंगाट. पूर्ण सेमिस्टर ती मैत्रिणीकडून वाचून घेत होती, तेही मैत्रिणीला सवड असेल तेव्हा. आणि मी मात्र 'नोट्स दिल्या' म्हणून निश्चिंत. आजही याची लाज वाटते.

चाळीस पानं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात त्या पद्धतीने, पुन्हा टाइप केली. आकृत्यांचं काय करायचं ते सुचेना. शेवटी पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी चिकटवून मागणीचा वक्र, म्हणजे किंमत आणि मागणीचं नातं दाखवणारी रेषा, केला. तिने डावीकडून बोट फिरवत खाली आणलं आणि विचारलं, 'मॅडम, उतार कमी असेल तर किंमत थोडी बदलली तरी मागणी खूप बदलेल, हो ना?' लवचीकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हा धडा मी अजून शिकवलाही नव्हता!

प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, कळकळीची विनंती आहे. आज रात्री आपली एक फाईल मोबाईलवर उघडा. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही तर तो बहुधा फोटो आहे. निवडला गेला तर कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठीऐवजी भलतंच काही उमटलं, तर ती फाईल युनिकोडमध्ये करून घ्या, आणि परीक्षेची वाट न पाहता जूनमध्येच वर्गात द्या.