आईचा बाकावरचा दबदबा

दर महिन्याला बँकेचे चार मेसेज येतात: चार ॲप्सचे पैसे कापल्याचे. परवा रविवारी पोहे खाता खाता मी जाहीर केलं, "आज यातलं एक बंद."

चिरंजीवांनी लगेच आयपीएलची ढाल पुढे केली. २०२३ मध्ये जिओसिनेमाने अख्खी आयपीएल फुकट दाखवली, तेव्हा सोफ्यावर पाय पसरून मीही पाहिली होती. पाच वर्षांच्या डिजिटल हक्कांसाठी २३,७५८ कोटी मोजणारे फुकट का दाखवतायत, हे माझ्यासारख्या हिशेबनीसाला तेव्हाच कळायला हवं होतं. चहावाल्यांनीही एके काळी गावोगाव फुकट चहा पाजला होता. पुढे २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार ही दोन दुकानं मिळून जिओहॉटस्टार झालं, आणि तल्लफ तर आमच्या घरी लागलेलीच होती.

"मग नेटफ्लिक्स?"

"अहो, माझी मालिका अर्धी राहिलीय." हिची मालिका कायमच अर्धी राहिलेली असते. नेटफ्लिक्सवर एकाच सिनेमाचं पोस्टर हिला एक दिसतं, मला दुसरं. कोण कशाला भुलतं याची नोंद असते म्हणे त्यांच्याकडे. अठरा वर्षांच्या संसारात मला ते जमलेलं नाही. आमची स्पर्धा झोपेशी आहे, असं त्यांचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्येच बोलून गेलेत. आमच्याकडे झोपेने केव्हाच माघार घेतली.

राहिली आई आणि तिचं मराठी मालिकांचं ॲप. "आई, तुला टीव्ही आहेच की."

आईने चष्मा काढून ठेवला. हे लक्षण बरं नव्हे.

"टीव्हीवर रात्री लागणारा भाग यात आधी येतो."

"मग?"

"मग काय? खाली बाकावर सहा जणी बसतात. सून घर सोडणार की नाही, हे माझ्या एकटीला ठाऊक असतं."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून दर गुरुवारी कोथिंबीर वड्या का येतात, याचा मला तेव्हा उलगडा झाला. आई सगळं सांगत नाही. अर्धं सांगते आणि उठते. मोठमोठ्या कंपन्या सल्लागार नेमून जे शोधतात, ते हिला बाकावर सापडलंय.

शेवटी जुन्या सिनेमांचं माझं ॲप बंद करायला घेतलं. "खरंच जायचंय?" असं त्याने तीनदा विचारलं. घरात कुणी एकदाही विचारलं नाही. आई तर वड्यांचा रिकामा डबा घेऊन खाली निघालीसुद्धा होती.