बदल केलेली जुनी एसटीआय: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. चिंचवडच्या कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालात असं तुम्हीच लिहिलंयत, म्हणून काका म्हणतो. २०११ची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय ही जपानी स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेतल्याचं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलं सविस्तर खडसावलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सेकंडहँड स्पोर्ट्स कार म्हणजे आधीच कुणीतरी पिळून घेतलेली गाडी. त्यात बदल केलेली असेल तर कंपनीच्या इंजिनीअरांनी वर्षानुवर्षं खपून जे जमवलं ते गल्लीतल्या पोरांनी बिघडवलेलं. शिवाय असे बदल बेकायदा. अशी गाडी आयुष्यात पहिल्यांदा घेणाऱ्याने तेवढ्या पैशांत नवी कोरोला घ्यावी आणि सुखाने झोपावं. आणि सगळ्यात शेवटी, असले लेख वाचून पोरं रस्त्यावर जीव गमावतात; याला तुम्ही तुमच्या शेजारच्या मुलाचं उदाहरण दिलंत.

कोरोलाचा मुद्दा आधी. कोरोला उत्तम गाडी आहे, आमच्या घरात रोजच्या कामाला टोयोटाच आहे. पण मला हवी होती ती वस्तू आता नवी मिळतच नाही. २०२१चं मॉडेल हे एसटीआयचं शेवटचं. पेट्रोल इंजिनवरची पुढची एसटीआय काढणार नाही, हे सुबारूने मार्च २०२२मध्ये जाहीर करून टाकलं. १९९५ला कॉलिन मॅक्रे, २००१ला रिचर्ड बर्न्स आणि २००३ला पेटर सोलबर्ग ज्या घराण्याच्या गाडीतून जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकले, त्या घराण्याची रस्त्यावर चालवता येणारी गाडी हवी असेल तर ती जुनीच घ्यावी लागते. आणि इथे अमेरिकेत जुनी एसटीआय जशीच्या तशी, कुणी हात न लावलेली मिळणं फार कठीण. म्हणून माझ्यापुढचा खरा प्रश्न एवढाच होता, की बदल केलेल्या गाड्यांमधली चांगली कशी ओळखायची.

आता तुमचा मुख्य मुद्दा. गल्लीतल्या पोरांनी इंजिन बिघडवल्याची उदाहरणं या गाडीत ढिगाने सापडतात, हे मी आधीच मान्य करतो. ते नेमकं कसं बिघडतं हे समजून घेतल्याशिवाय ही गाडी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

या गाडीत ईजे२५७ नावाचं २,४५७ सीसीचं टर्बो बॉक्सर, म्हणजे आडव्या सिलिंडरांचं, इंजिन आहे. ३०५ अश्वशक्तीचं. पिस्टन ओतीव, सिलिकॉन जास्त असलेल्या ॲल्युमिनियमचे. झीज सोसायला चांगले, पण ठोका बसला की चिरणारे. तुम्ही यातले जाणकार आहात, पण इतरांसाठी सांगतो: पिस्टनवर रिंगांसाठी खाचा असतात आणि दोन खाचांच्या मधे धातूचा एक अरुंद कडा उरतो. इंजिन नॉक करायला लागलं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी भडकून ठोके बसू लागले, की तो दणका थेट या कड्यावर बसतो. कडा तुटला की त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब धरून ठेवण्याची ताकद, गेली. या इंजिनात हे दुखणं चौथ्या सिलिंडरला जास्त वेळा झालेलं दिसतं.

नॉकिंग सुरू कशाने होतं? पोरगा काय करतो, तर एअर फिल्टरचा मूळ डबा काढून दुसऱ्या कंपनीचा चकचकीत इनटेक, म्हणजे हवा आत घेणारी नळी, बसवतो. काम अर्ध्या तासाचं, आवाज मस्त येतो. पण आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर ठरावीक व्यासाच्या नळीत बसवलेला असतो आणि इंजिनचा कॉम्प्युटर त्या व्यासाच्या भरवशावर हिशेब करत असतो. नळी रुंद झाली की सेन्सरपाशी हवेचा वेग कमी होतो, म्हणजे खरी हवा जास्त गेली तरी कॉम्प्युटरला ती कमी दिसते. तो पेट्रोल कमी सोडतो. मिश्रण लीन होतं, टर्बो जोरात असताना तापमान चढतं आणि नॉकिंग सुरू होतं. नव्या नळीप्रमाणे कॉम्प्युटरमधला तक्ता बदलून घेतला असता तर हे झालं नसतं, पण त्याचे पैसे वेगळे पडतात, म्हणून ते राहून जातं. इंधनाचंही तसंच. ऑक्टेनचा आकडा जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉकिंगला दाद देत नाही. टेक्सासमध्ये ९३ ऑक्टेनचं पेट्रोल सर्रास मिळतं, आमच्या कॅलिफोर्नियात पंपावरचं प्रीमियम ९१चं. ९३वर बेतलेलं ट्यूनिंग, म्हणजे कॉम्प्युटरमधले बदललेले तक्ते, घेऊन गाडी इकडे आली आणि ९१वर पळू लागली, तर तोच धोका.

हे सगळं मोजता येतं, काका. आणि मोजता येतं म्हणूनच मी याला जुगार म्हणत नाही.

सुबारूचा कॉम्प्युटर नॉक ऐकू आला की ठिणगीची वेळ (टायमिंग) मागे घेतो आणि आपण किती घाबरलो आहोत याचा एक आकडा जपून ठेवतो. इथली मंडळी त्याला डॅम म्हणतात. तो १.०० असेल तर कॉम्प्युटर निर्धास्त आहे. खाली उतरला असेल तर काहीतरी दुखतंय. विकणारा लबाड असेल तर दाखवायच्या आधी कॉम्प्युटर रीसेट करतो, की जुनं सगळं पुसलं गेलं. पण रीसेटचाही माग राहतो. प्रदूषण यंत्रणेच्या ज्या स्वयंचाचण्या गाडी आपल्या आपण करते, त्या रीसेटनंतर 'अपूर्ण' दिसू लागतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच रनिंग लागतं. साध्या स्वस्त स्कॅनरवर हे मिनिटभरात कळतं.

ही गाडी घेण्याआधी मी सॅन होझेजवळ एक एसटीआय बघितली होती. रंग झकास, व्हील्स झकास. मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. स्कॅनर लावला तर झाडून सगळ्या चाचण्या अपूर्ण. कॉम्प्रेशन टेस्ट करू द्याल का विचारलं, तर विकणाऱ्याने 'इंजिन खोललेलं नाही, एकदम पॅक आहे' असं सांगून विषय बदलला. मी निरोप घेतला. त्या गाडीचं इंजिन कदाचित ठणठणीत असेलही, पण जो तपासू देत नाही त्याच्याकडून इंजिन घ्यायचं नाही.

जी घेतली तिची तपासणी मी सुबारूचंच काम करणाऱ्या एका स्वतंत्र गॅरेजमध्ये, माझ्या खर्चाने करून घेतली. सिलिंडर आडवे असल्यामुळे स्पार्क प्लग इंजिन आणि बॉडीच्या मधल्या फटीत, हात जेमतेम शिरेल अशा जागी असतात. नुसते चार प्लग काढायलाच मेकॅनिकला बराच वेळ लागला. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आलं. मग लीक-डाउन टेस्ट: सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते बघायचं. मेकॅनिकने ऑइलचं झाकण काढलं आणि मला म्हणाला, कान लाव. इथे फुसफुस ऐकू आली तर रिंगा गेल्या. सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. आम्ही चारही सिलिंडर असे ऐकले. चौथ्याला मी जास्तच वेळ कान लावून होतो. झाकणापाशी जी बारीक फुंकर येत होती ती चारही वेळा सारखीच होती, आणि तेवढी चांगल्या इंजिनातही येते.

आता गाडीवर काय काय बदल आहेत ते सांगतो, कारण 'मॉडिफाइड' म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. पहिला मालक टेक्सासचा, त्याने इनटेक, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसलेला पाइप आणि ट्यूनिंग असं सगळं केलं होतं. दुसरा मालक गाडी कॅलिफोर्नियात घेऊन आला आणि त्याने तिन्ही गोष्टी मूळ स्थितीला आणल्या. त्याची बिलं फाइलमध्ये आहेत. राहिलं ते असं: कडक स्वे बार (वळणावर गाडी कलू न देणारे दांडे), चांगले ब्रेक पॅड आणि स्टीलची जाळी असलेल्या ब्रेक लाइन, नवा क्लच, कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट, आणि ऑइल पिकअप ट्यूब. या शेवटच्याबद्दल तुम्हाला खास सांगायचंय. ऑइल पॅनमधून तेल खेचणारी मूळ नळी जोडापाशी तडकल्याची उदाहरणं या इंजिनात बरीच आहेत. ती तडकली की तेलाबरोबर हवा ओढली जाते आणि बेअरिंगं जातात. दुसऱ्या कंपनीची जाड नळी हा त्यावरचा सर्वमान्य उपाय. कारखान्यात प्रत्येक पार्टची किंमत पैशापैशाने कशी तासली जाते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल. सगळेच बदल बिघाड करणारे नसतात, काही बदल म्हणजे कारखान्याने अर्धवट सोडलेलं काम पूर्ण करणं असतं.

कायद्याबद्दल. भारताच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं, की उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ स्वरूपात फरक करता येणार नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी माझं बघून आपल्या गाडीला हात लावू नये, हे मी इथे स्पष्टच लिहितो. कॅलिफोर्नियाचा कायदा वेगळा आहे, सैल मात्र अजिबात नाही. प्रदूषणाशी संबंध येणारा बाहेरचा पार्ट बसवायचा तर त्याला एअर रिसोर्सेस बोर्ड या राज्याच्या प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. जुलै २०२१पासून स्मॉग चेकमध्ये, म्हणजे गाडीच्या सरकारी प्रदूषण तपासणीत, कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर मूळचं आहे की बदललेलं, हेही तपासलं जातं. कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट चालतो, पण आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा. गाडी विकताना स्मॉग सर्टिफिकेट देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. माझी गाडी या सगळ्यातून पास होऊनच माझ्या नावावर झाली. विमा कंपनीलाही बदलांची यादी लेखी दिलेली आहे.

कन्व्हर्टर काढून टाकणाऱ्यांची बाजू मी कधीही घेणार नाही. तो धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो, आणि चार घोडे वाढले म्हणून ते माफ होत नाही.

आता तुमचा शेवटचा मुद्दा. तुमच्या शेजारच्या मुलाचं तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. इथेही रात्री चौक अडवून गाड्या गरगर फिरवण्याचे प्रकार होतात, बघायला जमलेली माणसं त्यात मरतात. तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. म्हणून यापुढे या गाडीबद्दलच्या प्रत्येक लेखात, ती जोरात कुठे चालवली हे मी लिहीन. उत्तर कॅलिफोर्नियात विलोज गावापाशी थंडरहिल नावाचा ट्रॅक आहे. नवख्याला तिथे नवख्यांच्याच गटात सोडतात, शेजारच्या सीटवर प्रशिक्षक बसतो, हेल्मेट सक्तीचं, ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर आणि तेही पुढच्याने हात दाखवला तरच. या गाडीत काय आहे हे मला तिथे समजलं. ब्रेक पेडल दाबताना प्रशिक्षक ओरडत होता, 'अजून, अजून', आणि मला वाटत होतं त्याच्या कितीतरी पुढे ब्रेकची ताकद शिल्लक होती. रस्त्यावर तिचा दहावा हिस्साही वापरता येत नाही आणि वापरूही नये. महाराष्ट्रातल्या पोरांना मोठ्या ट्रॅकसाठी कितीतरी वर्षं चेन्नई-कोइमतूरसारखं लांबचं ठिकाण गाठावं लागायचं, ही मात्र मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे. पुण्याजवळ तेव्हा असा ट्रॅक असता तर तुमच्या शेजारचा तो मुलगा कदाचित तिथे गेला असता.

राहता राहिला तुमचा टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याचा प्रश्न. कंपनीचं वेळापत्रक १ लाख ५ हजार मैलांचं आहे, म्हणजे सुमारे १ लाख ६९ हजार किलोमीटर. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून त्यात चालढकल नाही. तुमच्या अंदाजाप्रमाणेच दुसऱ्या मालकाने तो वेळेवर बदलला आहे, आणि सोबत वॉटर पंप, टेन्शनर आणि सगळे आयडलरही. बिलावर पार्ट नंबर आहेत. तेलाची पातळी मी पेट्रोल भरताना डिपस्टिकवर बघतो, कारण ही इंजिनं तेल खातात. पुढचं ऑइल बदलीन तेव्हा नमुना लॅबला पाठवणार आहे. तांबं आणि शिसं किती निघालं ते आकडे इथेच टाकीन, तेव्हा बेअरिंगांबद्दल तुमचं मत नक्की कळवा.