क्लाऊडमुळे टोइंग टँक निकालात? नाही

इंजिनीअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "जहाजाचं मॉडेल टाकीत ओढून बघायचे दिवस संपले. क्लाऊडवर सीएफडी चालवा, उत्तर सकाळी हातात. आता लॅपटॉपवर कुणीही जहाज डिझाइन करेल." टोइंग टँक म्हणजे जहाजाचं छोटं मॉडेल ओढून पाण्याचा रोध मोजायची लांब टाकी, आणि सीएफडी म्हणजे जहाजाभोवती पाणी कसं वाहतं याचं संगणकावरचं गणित. मी रोज हेच गणिताचं काम करतो आणि तेही क्लाऊडवरच, म्हणून गप्प बसवत नाही.

"टाकीचे दिवस संपले." जगभरचे सीएफडीवाले आपलं सॉफ्टवेअर ज्या आकारावर तपासतात, त्यातला एक म्हणजे केसीएस, २३० मीटर लांबीचं कोरियन कंटेनर जहाज. हे जहाज कधी बांधलंच गेलं नाही. त्याचं सुमारे ७.३ मीटरचं मॉडेल टाकीत ओढून जे आकडे मोजले, तेच आपण सगळे वापरतो. टाकी नसती तर आपलं गणित बरोबर आलं की चुकलं, हे कशाशी ताडून पाहिलं असतं?

टाकीलाही मर्यादा आहे, ती लपवायचं कारण नाही. इंजिनीअर विल्यम फ्राउडने १८७२ मध्ये इंग्लंडात टॉर्कीला टाकी बांधली तेव्हापासून ती माहीत आहे. केसीएसचा २४ नॉटचा वेग मॉडेलच्या लहान मापाला उतरवला की सेकंदाला २.२ मीटर होतो. त्या वेगाला लाटांचा नकाशा हुबेहूब जुळतो. घर्षण मात्र जुळत नाही. घर्षण ज्यावर ठरतं तो रेनॉल्ड्स अंक (वेग, लांबी आणि पाण्याचा चिकटपणा यांचा आकडा) खऱ्या जहाजाचा मॉडेलच्या पावणेदोनशे पट निघतो, म्हणून घर्षणाचा हिशेब वेगळ्या सूत्राने करावा लागतो. सीएफडीत जहाज पूर्ण मापाचं घेता येतं, आणि इथे ते खरोखर उजवं आहे. पण पडताळायला खऱ्या जहाजांचे जाहीर आकडे फार थोडे. २०१६ मध्ये जहाजांची तपासणी आणि वर्गवारी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टरने एका मालवाहू जहाजाच्या चाचण्यांचे निकाल झाकून ठेवून अनेकांकडून गणितं मागवली, तेव्हा उत्तरांत चांगलीच तफावत पडली.

"उत्तर सकाळी हातात." आकडा सकाळी येतो, हे खरं. माझ्या सुरुवातीच्या एका रनमध्ये नाकाशी लाट झकास उठली होती, पण जहाजाच्या अंगाच्या (हलच्या) कडेने मागे जाता जाता विरून गेली. चित्र इतकं गुळगुळीत होतं की तसंच रिपोर्टात घालायचा मोह झाला. दोष मेशमध्ये, म्हणजे गणितासाठी पाणी ज्या छोट्या तुकड्यांत (सेलमध्ये) विभागतात त्या जाळीत होता: लाटेच्या उंचीत जेमतेम चार सेल बसत होते. मेश बारीक केला तशी लाट मागपर्यंत टिकली आणि रोधाचा आकडाही बदलला. सेल तिन्ही दिशांनी निम्मे केले की त्यांची संख्या आठपट होते. टाइमस्टेप, म्हणजे गणित ज्या वेळेच्या तुकड्यांनी पुढे सरकतं तोही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम सोळापट. क्लाऊड तेवढे कोअर (प्रोसेसर) देतो, पण बिल तासावर चढत राहतं. आणि मेश पुरेसा बारीक आहे का, हे तो सांगत नाही.

"कुणीही डिझाइन करेल." सर्वांत कमी रोधाच्या आकारात माल मावेल, जहाज सरळ उभं राहील, बंदराच्या खोलीत शिरेल, याची हमी कोण देणार?

क्लाऊडचा खरा फायदा त्या मेसेजमध्ये आलेलाच नाही. २००८ नंतर इंधन वाचवायला कंटेनर जहाजं सावकाश चालवू लागले. २४-२५ नॉटसाठी घडवलेला बल्बस बो, म्हणजे नाकाचं पाण्याखालचं फुगीर टोक, १७-१८ नॉटला ओझं ठरू लागला, आणि बऱ्याच जहाजांची नाकं कापून नवी बसवली गेली. नवा बल्ब निवडताना ३० आकार, ३ ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडालंय) आणि ४ वेग धरले तरी ३६० रन होतात. तेवढी मॉडेलं कुणी बनवत नाही, आणि छोट्या डिझाइन ऑफिसकडे तेवढे सर्व्हरही नसतात. क्लाऊडवर हे सगळे रन एकाच वेळी लावता येतात, आणि चाळणीतून उरलेले दोन-तीन आकार टाकीत जातात.

खवळलेल्या समुद्राचं गणित तर अजून जड आहे. अनियमित लाटांत जहाज कसं डुलतं हे बघायला निदान अर्धा तास समुद्र हवा, आणि संगणक तो सेकंदाच्या बारीक तुकड्यांनी पुढे ढकलतो. लहान मॉडेलसाठी लाटाही लहान आणि भरभर येणाऱ्या असतात, म्हणून केसीएसच्या मॉडेलएवढ्या मापावर टाकीत तोच अर्धा तास सव्वापाच मिनिटांत उरकतो.