रात्री ड्यूटीवर किती जण?

नानाच्या आईला कुठे ठेवायचं, यावरून रविवारी कट्टा चांगलाच तापला. पक्षाघातात आईंची उजवी बाजू गेली, जेवण नाकातल्या नळीतून. वर्षभर पेशंट सांभाळायला ब्युरोनं पाठवलेल्या बायकांवर घर चाललं. एखादी गावी गेली की दुसरी येईपर्यंत नाना आणि वहिनी आळीपाळीनं जागायचे. आता वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलंय. म्हणजे उचलणं, वळवणं बंद.

नानानं पुण्यात पेशंट सांभाळणाऱ्या केंद्रांच्या दोन जागा बघितल्या होत्या. एक सिंहगड रोडच्या पुढे, चार मजली, लिफ्ट, बाग, फिजिओथेरपीची वेगळी खोली, मोबाइलवर कॅमेरा दिसतो. दुसरी कोथरूडमध्ये, जुन्या बंगल्यात, चौदा पेशंट, मालकीणबाई तिथेच राहतात. बंगल्याचे पैसे बरेच कमी.

"यात विचार कसला करतोस?" मध्या म्हणाला. "आईला लिफ्टवाल्या ठिकाणी ठेव. बंगल्यात रात्री काही झालं तर?"

"लिफ्टमधून आई कधी जाणार आहेत?" सिस्टर म्हणाल्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात गेली, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द आम्ही मानतो. "नाना, तिथे अंथरुणावरचे पेशंट किती आणि रात्री माणसं किती, हे विचारलंस?"

नानानं विचारलं नव्हतं. जेवण, व्हिजिटची वेळ, डिपॉझिट, डायपरचा खर्च वेगळा का, हे सगळं विचारलं होतं. मला वाटतं आपण सगळेच तसं करतो. दिवसा अकराला जातो, ऑफिसातली बाई चहा देते, चादरी पांढऱ्या असतात आणि आपल्याला हायसं वाटतं.

सिस्टरांनी मग हिशोबच मांडला. एका मजल्यावर वीस पेशंट उठू न शकणारे धर. प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलायची. डायपर बघायचा, ओला असेल तर पुसून कोरडं करायचं, पाठीमागे उशी द्यायची. एकेकाला दहा मिनिटं धरली तरी दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर. "एकटी बाई हे दोन तासांत कसं करेल? तिची इच्छा असली तरी होणार नाही. अंगानं जड माणसाला वळवायला तर दोघं लागतात. मग काय होतं? रात्री दहाला उताणं झोपवलेला माणूस सकाळी सहाला तसाच सापडतो."

"आणि मग बेडसोर," नाना म्हणाला.

"हो, पडून पडून होणाऱ्या जखमा," सिस्टर म्हणाल्या. "माकडहाड, खुबा, टाचा. हाड जिथे कातडीला टेकतं तिथे. लाल डाग दिसला की बोट दाबून बघायचं. बोट उचलल्यावर डाग क्षणभर पांढरा पडला तर ठीक. लालच राहिला तर पहिली पायरी सुरू झाली. चौथ्या पायरीला जखम हाडापर्यंत जाते. तुम्ही तिथल्या कुणाच्या टाचा बघितल्यात का?"

कुणीच काही बोललं नाही.

मध्याचा भाऊ अमेरिकेत असतो, सासूबाईंसाठी त्यानं हे सगळं शोधलं होतं. मध्या म्हणाला, "तिकडे बरं आहे. सरकारच 2008 पासून अशा केंद्रांना एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय सापडलं, नर्स किती, किती जणांना जखमा झाल्या, सगळं घरबसल्या वाचता येतं. आपल्याकडे गूगलचे तारे, तेही कोण देतं देव जाणे."

अण्णांनी लगेच अडवलं. बँकेत ऑडिट केलेला माणूस तो. "माहिती भरतं कोण? केंद्रच ना? मग मीही स्वतःला पाच तारे देईन."

"सुरुवातीला तसंच होतं," मध्यानं मान्य केलं. "नर्स किती हेसुद्धा केंद्रंच सांगायची. मग 2016 पासून माणसांचा आकडा पगाराच्या नोंदीवरून घ्यायला लागले. 2022 मध्ये शनिवार-रविवारी किती माणसं असतात आणि वर्षात किती सोडून जातात, हेही ताऱ्यांत धरलं."

"हे पटलं," अण्णा म्हणाले. "पगारपत्रक बघणं हे खरं ऑडिट. पण लक्षात घे, तिकडे बऱ्याच पेशंटांचे पैसे सरकार भरतं, म्हणून ते हिशोब मागू शकतं. इथे पैसे नाना भरणार. नानाला कोण पगारपत्रक दाखवणार?"

मुद्दा बिनतोड होता. पण त्यावरून "मग आपल्या हातात काही नाही" असं अण्णा म्हणाले, तिथे मी भांडलो. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. नर्सिंग होम नोंदणीचा कायदा 1949 चा आहे, शहरात त्याची नोंदणी महापालिकेकडे असते. नळीवरचे पेशंट ठेवून शुश्रूषा करता, तर प्रमाणपत्र दाखवा, हे विचारायला नानाला कुणाची परवानगी लागत नाही. दरपत्रक लावायचं बंधन याच कायद्याच्या 2021 च्या नियमांनी घातलं. रात्रीच्या माणसांचा आकडा मात्र मी कुठल्याही भिंतीवर पाहिलेला नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करून खासगी केंद्रांना नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर झालं नाही, आणि 2024 ला लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. याचा मला खरोखर राग आहे. मुलांनी आईबापांना सांभाळलं नाही तर काय करायचं यावर आपण पोटतिडकीनं बोलतो. सांभाळायचं म्हणून पैसे मोजणाऱ्या मुलानं जागा कशी पारखायची, यावर कुणीच बोलत नाही.

"चार्ट बघू का मग?" नानानं विचारलं.

"बघ, पण अक्षर बघ," सिस्टर म्हणाल्या. "चोवीस तासांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं असतील तर त्या एका बैठकीत भरल्यात. मनगटं बघ. नळी उपटू नये म्हणून हात बांधतात. कुणाला विचारून बांधले, किती वेळानं सोडतात ते विचार. आणि दुपारी चारला सगळा मजला गाढ झोपलेला दिसला तर झोपेच्या गोळीबद्दल विचार. फिनेलच्या वासावर जाऊ नकोस."

नानानं तिथूनच फोन लावले. मोठ्या ठिकाणी आधी "स्टाफ भरपूर आहे सर" असं उत्तर आलं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारल्यावर, "रात्री फ्लोअरला एक, खाली नर्स असते." फ्लोअरला बेड बावीस. बंगल्यातल्या बाईंनी पटकन सांगितलं, "दोन मुली आणि मी. पूर्ण अंथरुणावरचे पाच." नोंदणीचं विचारल्यावर मात्र त्या अडखळल्या. अर्ज दिलाय म्हणाल्या.

"बघ," मध्या म्हणाला, "कागद नाही, डॉक्टर बोलावल्यावर येणार. नळी श्वासनलिकेत गेली तर त्या दोन मुली काय करणार?"

"तिकडे बावीस जणांत एक बाई तरी काय करणार?" सिस्टरांनी विचारलं.

मी सिस्टरांच्या बाजूचा आहे, तरी मध्याचा प्रश्न मला खोडता आला नाही. अण्णांनी नानाला सांगितलं, अर्जाचा नंबर माग आणि सोमवारी महापालिकेच्या आरोग्य खात्यात जाऊन तो खरा आहे का ते बघ. सिस्टर म्हणाल्या, सोमवारची वाट कशाला, आज रात्री साडेनऊला न सांगता दोन्हीकडे जाऊ, मी येते. मध्यानं गाडी काढतो म्हणून सांगितलं.